अमेरिकेतल्या कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये डीलरशी व्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने अंक घ्यायला किंवा विकायला पहिल्यांदाच अमेरिकेतल्या कन्व्हेन्शनला निघालेल्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. टी-शर्ट, बाहुल्या आणि नटांबरोबरचे फोटो हा विषय इथे नाही. टेबलामागे पांढरी खोकी लावून बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी कसा वागतो, का वागतो आणि आपण काय करावं, एवढंच.

जुने अंक विकणारे डीलर नक्की कुठे भेटतात?

सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन १९७० मध्ये सुरू झालं तेव्हा ते कॉमिकवाल्यांचंच होतं. आज तिथे सिनेमा आणि खेळणी कंपन्यांनी बरीच जागा व्यापली आहे. जुन्या अंकांचे डीलर अजून येतात, पण सभागृहाच्या एका भागात. न्यूयॉर्क कॉमिक कॉन २००६ पासून भरतं, तिथेही गर्दी प्रचंड आणि अंकांचा भाग त्या मानाने छोटा. अंकच घ्यायचे असतील तर शार्लटचं हीरोजकॉन (१९८२ पासून) आणि बॉल्टिमोर कॉमिक-कॉन (२००० पासून) जास्त सोयीचे. याशिवाय जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात हॉटेलच्या हॉलमध्ये एका दिवसाचे लहान शो होतात. प्रवेश काही डॉलरांत, टेबलं पन्नास-साठ, आणि डीलरला बोलायला वेळ. पहिला अनुभव तिथेच घ्या.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. मुंबई-पुण्यातल्या कॉमिक कॉनमध्ये भर असतो तो प्रकाशक, चित्रकार आणि वस्तूंच्या दुकानांवर. तिथे जाऊन आलेल्याने अमेरिकेतही तेच चित्र असेल असं धरू नये.

डीलर इतका तुटक का बोलतो? माझं काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. त्याचा हिशोब पाहा. मोठ्या कन्व्हेन्शनला दहा बाय दहा फुटांच्या बूथचं भाडं हजारो डॉलरांत जातं. त्यावर व्हॅनचं इंधन, तीन-चार रात्रींचं हॉटेल आणि मदतनिसाचा पगार. पिशवी-पुठ्ठ्यासकट अंकांनी भरलेलं एक लाँगबॉक्स (अंक ठेवायचं लांब पुठ्ठ्याचं खोकं) पंचवीस किलोच्या आसपास भरतं, आणि अशी चाळीस-पन्नास खोकी त्याने आदल्या दिवशी उतरवलेली असतात. एवढा खर्च तीन-चार दिवसांत भरून काढायचा असतो.

त्यामुळे शनिवारी दुपारी बाराला, टेबलापुढे तीन रांगा असताना, "हा अंक चांगला का मानतात?" असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येईल. हाच माणूस शुक्रवारी सकाळी अर्धा तास गप्पा मारेल. त्याच्या बोलण्यापेक्षा घड्याळाकडे पाहा.

आणखी एक गोष्ट नवख्याला खटकते. दार उघडताच आत शिरलं तरी चांगले अंक आधीच गेलेले असतात. मांडामांड चालू असताना डीलर एकमेकांत खरेदी-विक्री उरकतात आणि उत्तम माल तेव्हाच हात बदलतो. यात लबाडी काही नाही, घाऊक बाजारात पहाटे होतं तेच. मात्र त्यामुळे एकच अंक समोरच्या टेबलावर वेगळ्या भावाने दिसतो. म्हणून संपूर्ण हॉलला एक फेरी मारल्याशिवाय मोठी खरेदी करू नका.

खोक्यांतून अंक चाळण्याची काही रीत आहे का?

आहे, आणि डीलर तुम्हाला पहिल्या मिनिटात त्यावरूनच जोखतो.

पाठीवरची सॅक उतरवून पायांत ठेवा. चोरी हे डीलरचं कायमचं दुखणं आहे, उघड्या सॅकवर त्याची नजर राहतेच. खोक्यावर कॉफी, पाण्याची बाटली किंवा आधीच घेतलेल्या खरेदीची पिशवी ठेवू नका. अंक वरच्या कडेला चिमटीत धरून उपसू नका. मागचे अंक थोडे मागे झुकवा, मधल्या फटीत बोटं घालून हवा तो खालून उचला. गच्च भरलेल्या खोक्यातून ओढून काढल्याने कोपरे मोडतात, आणि ते मोडताना डीलरला ऐकू येतं म्हणाल तरी चालेल.

निवडलेल्यांची थप्पी करायची असेल तर "मे आय स्टार्ट अ पाइल?" विचारा. तो टेबलाच्या कोपऱ्यावर जागा देईल आणि तिथून तुमच्याकडे खरं गिऱ्हाईक म्हणून पाहायला लागेल. नको असलेला अंक होता त्याच जागी परत. बाजूचा माणूस चाळत असलेल्या खोक्यात हात घालायचा नाही, त्याचं होईपर्यंत पुढचं खोकं घ्यायचं.

भिंतीवर लावलेला महागडा अंक हातात घेऊन पाहता येतो का?

येतो, पण स्वतः काढायचा नाही. डीलरला सांगायचं. तो काढून देतो किंवा टेबलावर समोर ठेवतो. पिशवीतून बाहेर काढून पाहायचा असेल तर तेही त्यालाच करू द्या. इथे होणारा नेहमीचा अपघात म्हणजे पिशवीच्या झाकणाची चिकटपट्टी. अंक बाहेर सरकताना मुखपृष्ठ तिला चिकटतं आणि रंगाचा पापुद्रा निघतो. शेकडो डॉलरचं नुकसान एका सेकंदात होतं, आणि अंक कोणाच्या हातात होता यावर मग वाद. पट्टी आधी पूर्ण सोडवून झाकण मागे दुमडायचं, मगच अंक काढायचा.

अंक सपाट टेबलावर ठेवून, कोरड्या हातांनी, या क्रमाने पाहा:

१. कणा. स्टेपलजवळच्या बारीक आडव्या चिरा मोजा. रंग तुटून पांढरा कागद दिसत असेल तर दर्जा लगेच खाली येतो.

२. स्टेपल. गंज आहे का, मुखपृष्ठ दोन्ही स्टेपलना धरून आहे का, मधलं पान सुटलंय का.

३. पानांची संख्या. साध्या अंकात मुखपृष्ठाच्या आत आठ कागद दुमडलेले असतात, म्हणजे सोळा पानं, बत्तीस पृष्ठं. मधला कागद गायब असेल तर गोष्ट चौदाव्या पृष्ठानंतर तुटते.

४. कापलेली कुपनं. १९७४ पासून मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानांवर 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापले आणि मुलांना ते कापून वहीत चिकटवायला सांगितलं. मुलांनी आज्ञा पाळली. 'इन्क्रेडिबल हल्क' १८१ (नोव्हेंबर १९७४) म्हणजे वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक. त्याचे असंख्य नमुने बाहेरून देखणे आणि आतून खिडकी पडलेले सापडतात. स्टॅम्प नसेल तर किंमत पूर्ण अंकाच्या बरीच खाली येते. "इज द स्टॅम्प इन?" हा प्रश्न डीलरला अजिबात खटकत नाही. उलट न विचारणाऱ्याचं त्याला नवल वाटतं.

५. कागद. पांढरा, पिवळट, तपकिरी. कडा हलकेच वाकवल्यावर कण पडत असतील तर कागद ठिसूळ झालाय. तो अंक कितीही स्वस्त असला तरी फार दिवस टिकणार नाही.

चारशे डॉलरचा अंक उघडून दाखवायला डीलर साफ नाही म्हणत असेल तर पुढच्या टेबलाकडे वळा. वीस डॉलरच्या अंकासाठी मात्र एवढा सोपस्कार मागू नका.

पिशवीवर 'व्हीएफ' किंवा 'एनएम' लिहिलेलं असतं. ते खरं मानायचं का?

ते डीलरचं मत असतं. अक्षरांमागचे दहापैकी आकडे पाठ असू द्या: नियर मिंट ९.४, व्हेरी फाइन ८.०, फाइन ६.०, व्हेरी गुड ४.०, गुड २.०. शब्दांवर जाऊ नका. इथे 'गुड' म्हणजे मळका, चुरगळलेला, बऱ्याच हातांतून गेलेला, पण पूर्ण अंक. रद्दीवाल्याकडून आणलेल्या दिवाळी अंकाची अवस्था डोळ्यांपुढे आणा.

काही डीलर कडक दर्जा लावतात, काही उदार. त्याची चाचणी स्वस्तात होते. दहा-पंधरा डॉलरचे दोन-तीन अंक काढून स्वतः दर्जा ठरवा आणि लेबलाशी ताडून पाहा. स्वस्त मालात जो अर्धा दर्जा वाढवून लिहितो तो महागात कमी लिहील असं समजायला कारण नाही.

रंगवलेला किंवा कापलेला अंक कसा ओळखायचा?

दुरुस्ती करणं हा गुन्हा नाही. ती न सांगता विकणं ही फसवणूक. तीन प्रकार वारंवार दिसतात. पहिला, रंग भरणं: कण्यावरच्या पांढऱ्या चिरांवर काळा मार्कर फिरवलेला असतो. मुखपृष्ठ उघडून आतल्या बाजूने पाहा, शाई झिरपून ठिपके उमटलेले दिसतात. दुसरा, कडा छाटणं: मळलेली कड ब्लेडने कापून सरळ केलेली असते. त्याच काळातला दुसरा अंक शेजारी ठेवून रुंदी जुळवा. जुन्या अंकाच्या तिन्ही कडा आरशासारख्या सरळ असतील तर शंका घ्या. तिसरा, आतून लावलेली चिकटपट्टी किंवा डकवलेला कागद. मोबाइलचा दिवा तिरका धरला की जाडीतला फरक दिसतो.

विचारण्याची पद्धत ठरलेली आहे: "एनी रेस्टोरेशन दॅट यू नो ऑफ?" नीट डीलर थेट उत्तर देतो. उत्तर गोल फिरत असेल तर पावतीवर 'अनरिस्टोर्ड' लिहून मागा. तो लिहायला तयार आहे की नाही यातच उत्तर आलं.

पुनर्मुद्रणं हा वेगळा प्रकार. १९७४ मध्ये डीसीने 'ॲक्शन कॉमिक्स' पहिल्या अंकाची मोठ्या आकाराची आवृत्ती काढली. तिचं बाहेरचं वेष्टन काढून टाकलं की आत १९३८ चा अंक वाटावा असं मुखपृष्ठ दिसतं. आकार मात्र मूळ अंकापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून मोजपट्टी पुरते. हल्लीच्या 'फॅक्सिमिली' (मूळ अंकाची हुबेहूब नक्कल) आवृत्त्यांत पहिल्या पानांवरच्या बारीक मजकुरात तसं छापलेलं असतं. कागदाचा स्पर्शही नव्याचा लागतो.

प्लॅस्टिकच्या स्लॅबमधला अंक घेतला तर निर्धास्त?

बऱ्याच अंशी. सीजीसी ही कंपनी २००० पासून अंकांना ०.५ ते १० असा दर्जा देऊन हवाबंद दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या केसमध्ये, म्हणजेच स्लॅबमध्ये, घालते. (दिसणाऱ्या. हवा जाते.) लेबलाचा रंग आधी पाहा. निळा म्हणजे साधा, जांभळा म्हणजे दुरुस्त केलेला, पिवळा म्हणजे साक्षीदारासमोर सही झालेला, हिरवा म्हणजे एखादी ठळक उणीव बाजूला ठेवून दर्जा दिलेला. हिरव्या लेबलावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजणारे दरवर्षी फसतात. उणीव लेबलावरच लिहिलेली असते, वाचायची तसदी घ्यायला हवी.

२०२३ च्या अखेरीस केस उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणं उजेडात आली. तेव्हापासून लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणं ही नेहमीची पायरी झाली आहे. डीलरसमोर उभं राहून तपासलं तरी चालतं. केसच्या कडांना पांढुरक्या खुणा, तडे किंवा चिकटवल्यासारखी रेघ दिसली तर नको म्हणा. संकेतस्थळावर अंकाचा फोटो असेल तर कण्यावरच्या चिरा जुळतात का पाहा.

घासाघीस करायची का? किती?

करायची, पण तुळशीबागेसारखी नव्हे. शंभरचा अंक चाळीसला मागितला तर डीलर पुढे आकडाच सांगत नाही, संभाषण तिथे संपतं. एका अंकावर दहा टक्के, थप्पीवर पंधरा-वीस टक्के सूट मागणं रास्त धरलं जातं. अंक हातात घेऊन "व्हॉट्स युअर बेस्ट ऑन धिस?" विचारा आणि गप्प बसा. त्याने सांगितलेला आकडा पटला तर लगेच घ्या. त्याने आपला शेवटचा भाव सांगितल्यावर पुन्हा खाली ओढणं वाईट मानतात.

भाव मागण्यापूर्वी ईबेवर तोच अंक, त्याच दर्जाचा, *विकला गेलेला* किती आहे ते पाहा. मागितलेल्या किमतींची यादी कामाची नाही, मागायला कोणीही काहीही मागतं. मोबाइल त्याच्या नाकासमोर नाचवू नका. "लास्ट फ्यू सोल्ड अराउंड एटी, वुड यू डू एटी?" एवढं पुरतं. ओव्हरस्ट्रीटची किंमत-मार्गदर्शिका १९७० पासून निघते आणि डीलर तिचा दाखला देतात. ती वर्षातून एकदा येते, बाजार दर आठवड्याला हलतो.

सकाळची पहिली विक्री, म्हणजे आपली भवानी, ही कल्पना तिकडे नाही. तो मुद्दा काढून सूट मागू नका, समजणार नाही. समजते ती नोटांची थप्पी.

रविवारी दुपारी सगळं स्वस्त होतं म्हणतात, खरं का?

एक डॉलर, पाच डॉलरच्या खोक्यांपुरतं खरं. पंचवीस किलोचं खोकं परत व्हॅनमध्ये चढवण्यापेक्षा अर्ध्या भावात रिकामं झालेलं बरं, म्हणून "फिल अ बॉक्स" सारखे सौदे निघतात. भिंतीवरच्या अंकांना हे लागू नाही. त्यांचं वजन शून्य आणि पुढच्या आठवड्यात दुसरा शो. हवा असलेला मुख्य अंक रविवारसाठी राखून ठेवला की तो शनिवारी गेलेला असतो.

पैसे कसे द्यावेत?

रोख दिलं तर सूट सोपी होते, कारण कार्डावर डीलरचे सुमारे तीन टक्के जातात. वीसच्या नोटा ठेवा. सकाळी शंभराची नोट मोडायला कोणाकडे सुटे नसतात. विक्रीकर राज्यागणिक वेगळा: न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, सॅन डिएगोत ७.७५. बरेच डीलर तो धरूनच गोल आकडा सांगतात, तरी "टॅक्स इन?" विचारा.

मोठ्या रकमेला क्रेडिट कार्ड बरं, तक्रार करता येते. पेपॅलवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' ने पाठवायला सांगत असेल तर नकार द्या, त्यात खरेदीदाराला संरक्षण नाही. झेल या बँक-ते-बँक पैसे पाठवण्याच्या सेवेचंही तसंच.

सही असलेला अंक?

नुसत्या सहीला बाजार लेखन समजतो, म्हणजे मुखपृष्ठावर कोणीतरी गिरवलंय. सीजीसीच्या पिवळ्या लेबलासाठी सही होताना कंपनीचा साक्षीदार हजर लागतो. सीबीसीएस ही दुसरी कंपनी नंतरही सही तपासून देते. स्टॅन ली २०१८ मध्ये गेले, आणि त्यांच्या नावाच्या सह्या अजून बाजारात येतच आहेत. टेबलावर मिळणारं घरगुती 'प्रमाणपत्र' हा छापलेला कागद आहे, त्याला वेगळे पैसे देऊ नका.

मला माझे अंक विकायचे आहेत. डीलर निम्माच भाव का सांगतो?

कारण त्याला तो अंक पुन्हा विकायचाय. दोनशे डॉलरला जाणारा अंक शंभरला घेतला तर उरलेल्या शंभरातून भाडं, प्रवास, ग्रेडिंग, ईबेचे तेरा-पंधरा टक्के आणि दोन वर्षं पडून राहण्याचा धोका, हे सगळं निघायला हवं. लगेच खपणाऱ्या नामांकित अंकाला निम्म्याहून जास्त मिळू शकतं. नव्वदच्या दशकातले, लाखोंनी छापलेले अंक कोणी घेतच नाही, घेतले तर खोक्याच्या भावाने.

नेताना यादी करा: शीर्षक, क्रमांक, स्वतःचा अंदाजे दर्जा, हवी असलेली रक्कम. पहिल्या दिवशी उघडल्यावर तासाभरात किंवा शेवटच्या दिवशी सकाळी जा, शनिवारी दुपारी नको. आकडा स्वतः सांगा. "तुम्ही काय द्याल?" एवढंच विचारत दहा टेबलं फिरलं की पाचव्या टेबलापर्यंत बातमी पोचलेली असते. आणि सगळा गठ्ठा एकत्र विकत असाल तर त्यातले चांगले चार आधी वेगळे विकू नका, उरलेल्याचा भाव पडतो.

डीलर माझ्याशी न बोलता नवऱ्याशी/मित्राशी बोलतो. काय करावं?

हे होतं. बाईने विचारलं तर "मुलासाठी का?" म्हणणारे, किंवा आधी तोंडी परीक्षा घेणारे डीलर आहेत. भारतीय उच्चार ऐकून सिनेमावाला पाहुणा समजणारेही आहेत. परीक्षेला बसू नका. अंकाचा क्रमांक, हवा असलेला दर्जा आणि बजेट एका वाक्यात सांगा: "अमेझिंग स्पायडर-मॅन वन ट्वेंटी-नाइन, फाइन ऑर बेटर." तरी वागणं तेच राहिलं तर तोच अंक आणखी चार टेबलांवर असतो. वागणं अंगचटीचं किंवा अपमानाचं असेल तर गप्प बसायचं कारण नाही. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये छळाविरोधी धोरणाचे फलक सभागृहात लावले, आणि आता बहुतेक कन्व्हेन्शनना लेखी नियम आहेत. बूथ क्रमांक टिपून आयोजकांच्या कक्षात सांगा.

घरी आल्यावर फसवणूक लक्षात आली तर?

म्हणूनच खरेदीच्या वेळी तीन गोष्टी करायच्या: बूथ क्रमांकाच्या पाटीचा फोटो, डीलरचं कार्ड, आणि पावतीवर शीर्षक, क्रमांक, दर्जा. मग आधी डीलरलाच सौम्य शब्दांत लिहा. जुने डीलर नाव जपतात आणि दुरुस्ती नजरेतून सुटली असेल तर सहसा अंक परत घेतात. अर्धा दर्जा कमी वाटतो ही तक्रार मात्र चालत नाही, अंक तुम्ही पाहून घेतला होता.

लहानपणी मराठीत वेताळ वाचला. अमेरिकेत त्याचे अंक मिळतील?

मिळतील, आणि स्वस्तात. इंद्रजालचे अंक तिकडच्या डीलरकडे क्वचितच दिसतात, पण फँटमची (वेताळाचं मूळ इंग्रजी नाव) अमेरिकन मालिका वीस-पंचवीस खोकी चाळल्यावर हमखास सापडते. गोल्ड की या प्रकाशनाने १ ते १७ (१९६२-६६), किंगने १८ ते २८, चार्लटनने ३० ते ७४ (१९६९-७७) काढले. २९ वा अंक शोधत फिरू नका, तो निघालाच नाही. चार्लटनची छपाई आणि बांधणी कच्ची, त्यामुळे कोपरे नीट असलेला अंक मिळाला तर दोन डॉलर जास्त द्या. शेवटच्या अंकांत डॉन न्यूटनची चित्रं आहेत, ते आधी संपतात. डीलरला 'फँटम' साठी वेगळं खोकं आहे का विचारा. बऱ्याचदा ते अंक टेबलाखाली 'मिसलेनियस' मध्ये पडलेले असतात, गुडघ्यावर बसण्याची तयारी ठेवा.

भारतात नेताना काय काळजी घ्यावी?

हातातल्या सामानात न्या. विमानाच्या पोटात गेलेला स्लॅब तडकतो. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये अंक ठेवून रबर लावू नका, कडा दबतात, कागदाची पट्टी गुंडाळा. पिशवीची रुंदी काळानुसार घ्या: हल्लीच्या अंकांना ६ ७/८ इंच, साठ-सत्तरच्या दशकांना ७ १/८, त्याआधीच्यांना ७ ३/४. कोकणपट्टीच्या पावसात साधी पॉलिप्रॉपिलीन पिशवी पाच-सात वर्षांत बदलावी लागते, महागाच्या अंकांना मायलरची (टिकाऊ पॉलिस्टरची) पिशवी घ्या. खोकं जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकून नको. सिलिका जेलच्या पुड्या जूनपूर्वी बदला, आणि गणपतीनंतर एकदा सगळं उघडून कसर लागलीय का ते पाहा.